डिजिटल पोर्टफोलिओ: जर्नलची पीडीएफ होऊ द्यायची नसेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही तालुक्याच्या कॉलेजात बी.कॉम.ला शिकवता. दुसऱ्या वर्षाला फील्ड प्रोजेक्ट आहे, पुढे ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) येणार आहे. विभागाने ठरवलं की आता जर्नल बंद, प्रत्येकाने डिजिटल पोर्टफोलिओ (आपल्या निवडक कामांचा आणि त्यांवरच्या नोंदींचा ऑनलाइन संग्रह) करायचा, म्हणजे मुलं स्वतःहून शिकतील आणि कॉम्प्युटरही हाताखालून जाईल. सत्र संपलं तेव्हा नव्वदच्या वर्गातल्या बहुतेकांनी वहीत लिहिलेलं जर्नल मोबाईलने स्कॅन करून एकच एक पीडीएफ चढवली होती. आता पुढच्या सत्रात काय करू, असं तुम्ही विचारलंय.

मुलांनी आळस केला असं मला वाटत नाही. आपल्याकडे जर्नल म्हणजे काय, ते आठवा. मथळा ठरलेला, क्रम ठरलेला, वरच्या वर्गातल्या कोणाचं तरी जर्नल आणून रात्रभर बसून उतरवायचं, पहिल्या पानावरच्या सर्टिफिकेटवर सही-शिक्का घ्यायचा आणि तोंडी परीक्षेला ते छातीशी धरून रांगेत उभं राहायचं. या रीतीत अकरावीपासून मुरलेल्या मुलाला ‘पोर्टफोलिओ करा’ म्हटलं की त्याचा पहिला प्रश्न ‘मॅडम, किती पानं?’ आणि दुसरा ‘फॉरमॅट द्या ना’. आपणही फॉरमॅट देऊन मोकळे होतो: मुखपृष्ठ, प्रस्तावना, उद्दिष्टं, निष्कर्ष, ऋणनिर्देश. मुलं तो भरतात. तुमच्या वर्गाने तेच केलंय. माध्यम बदललं, ठरवणारा माणूस बदलला नाही.

इथे एक जुनी मांडणी उपयोगी पडते. आन्री होलेक या फ्रेंच अभ्यासकाने युरोपीय परिषदेसाठी भाषाशिक्षणावर काम करताना स्वायत्त विद्यार्थी कोणाला म्हणायचं हे सांगितलं होतं. १९८१ मध्ये ते छापून आलं. शिकण्यातले पाच निर्णय तो मोजतो: काय साधायचं, त्यासाठी काय आणि कोणत्या क्रमाने घ्यायचं, कोणत्या पद्धतीने करायचं, काम कसं चाललंय यावर लक्ष कोणी ठेवायचं आणि शेवटी जमलं की नाही हे कोणी ठरवायचं. आता तुमचं पहिलं सत्र या पाचांवर तपासा. विषय तुम्ही दिला, मुद्दे तुम्ही दिले, प्रश्नावलीचा नमुना तुम्ही दिला, तारखा तुम्ही लावल्या, गुण तुम्ही देणार. मुलांकडे एकच निर्णय उरला होता, स्कॅनरचं कोणतं ॲप वापरायचं. तो त्यांनी व्यवस्थित घेतला.

तेव्हा यातला एखादा निर्णय मुलांकडे द्यायचा. कोणता आधी, याबद्दल माझं मत बऱ्याच सहकाऱ्यांना पटत नाही. शिबिरांमध्ये सांगतात की विद्यार्थ्याला आधी ध्येय ठरवू द्या. बारावीतून आलेल्या मुलाला ‘तुझी या सत्राची उद्दिष्टं लिही’ म्हटलं तर तो ‘संवादकौशल्य वाढवणे, व्यक्तिमत्त्व विकास करणे’ असं लिहून देतो, कारण त्याने कोणाचंही उद्दिष्ट याहून वेगळं वाचलेलंच नसतं. त्याच मुलापुढे त्याने स्वतः केलेली दोन कामं ठेवा आणि विचारा की यातलं बरं कोणतं. ते तो सांगू शकतो. चाचरत सांगेल, पण खरं सांगेल. म्हणून मी यादीच्या शेवटून सुरुवात करते: मूल्यमापन आणि निवड आधी मुलांकडे, ध्येय सगळ्यात शेवटी, तिसऱ्या वर्षात.

प्रत्यक्षात हे असं होतं. सत्रात पाच छोटी कामं द्यायची, अगदी तुमच्या फॉरमॅटमध्ये: एका दुकानदाराची मुलाखत, एक तक्ता, एका बातमीचा सारांश, एक पत्र, दहा जणांची प्रश्नावली. पाचही वर्गाच्या फोल्डरमध्ये जमा होतील. पोर्टफोलिओत मात्र दोनच लावायची. ती दोनच का, आणि बाकीची तीन का वगळली, हे प्रत्येकाने लिहायचं. यातलं ‘का वगळलं’ हे फार मोलाचं. चांगल्या कामाबद्दल मुलं पाठ केल्यासारखं लिहितात. वगळलेल्याबद्दल लिहिताना भाषा एकदम जमिनीवर येते: ‘तक्त्यातली बेरीज जुळत होती, पण मी आकडे कुठून घेतले ते लिहून ठेवलं नव्हतं, त्यामुळे मलाच आता सांगता येत नाही.’ असं वाक्य एकदा स्वतः लिहिलेली मुलगी पुढच्या वेळी स्रोत लिहून ठेवते. ते तिला सांगावं लागत नाही.

अनुभवलेखनाबद्दल थोडं. ‘या प्रकल्पातून मला खूप काही शिकायला मिळाले. भविष्यात याचा मला नक्कीच उपयोग होईल.’ ही दोन वाक्यं महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रकल्प-अहवालात सापडतील आणि त्याला आपला प्रश्न कारणीभूत आहे. ‘काय शिकलात?’ असं विचारलं की हेच उत्तर येणार. प्रश्न बदला. आमच्याकडे एका विद्यार्थिनीने आठवडी बाजारातल्या भाजीविक्रेत्यांच्या यूपीआय व्यवहारांवर फील्ड प्रोजेक्ट केला होता. पहिल्या खेपेला तिने वरचीच दोन वाक्यं लिहिली. मी तिला एवढंच म्हटलं की तुझ्या प्रश्नावलीतला फसलेला एक प्रश्न दाखव. दुसऱ्या खेपेला आलेली नोंद अशी:

‘“तुमचे मासिक उत्पन्न किती?” हा प्रश्न मी सुरुवातीला विचारत होते. बायका हसायच्या नाहीतर गप्प बसायच्या. एक मावशी म्हणाल्या, महिन्याचं कोण मोजतंय बाई, बाजाराच्या दिवसाचं विचार. मग मी प्रश्न बदलला: आज गल्ला किती झाला आणि त्यातले फोनवर किती आले? याची उत्तरं मिळाली. पण आधीच्या सात जणींची उत्तरं आणि नंतरची उत्तरं एका रकान्यात बसेनात. म्हणून ती सात मी वेगळी ठेवली आहेत. जुनी आणि नवी प्रश्नावली दोन्ही खाली लावली आहे.’

ही नोंद जरा निरखून बघा. संशोधनपद्धतीच्या तासाला आपण जे फळ्यावर लिहितो, ते सगळं यात आलंय: प्रश्नाची भाषा, चाचणी, विदा (डेटा) एकत्र करताना येणारी अडचण. आणि तुम्ही विचारलेली डिजिटल कौशल्यंही इथेच आली. गुगल फॉर्ममधला प्रश्न मधेच बदलल्यावर शीटमध्ये काय होतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. सात ओळी वेगळ्या काढायच्या होत्या म्हणून ती फिल्टर शिकली. दोन प्रश्नावल्या शेजारी दाखवायच्या होत्या म्हणून फायलींना नावं नीट द्यावी लागली. आधी ‘एक्सेलची कार्यशाळा’ घ्यायची आणि मग ते ज्ञान कुठेतरी वापरतील अशी वाट बघायची, हा क्रम मला निरर्थक वाटतो. गरज आधी उभी करा. मग पंधरा मिनिटांत दाखवलेलं वर्षभर टिकतं.

नोंदीसाठी माझे प्रश्न तीनच असतात. काम करताना काय बदललं आणि का? कुठे अडलात आणि तेव्हा कोणाला किंवा कशाला विचारलंत? हेच काम पुन्हा करायचं तर पहिल्या दिवशी वेगळं काय कराल? दर आठवड्याला नोंद सक्तीची करू नका. तिसऱ्या आठवड्यापासून मुलं एका रात्रीत चार आठवड्यांच्या नोंदी रचतात, आणि त्यात पावसाळ्यातही ‘कडक ऊन होते’ असं वाचायला मिळतं.

नोंदीची भाषा मराठीच असू द्या, आणि तीही त्यांची. अहवाल इंग्रजीत हवा असेल तर अहवाल इंग्रजीत. विचार करण्याची जागा इंग्रजीत ठेवली की मुलं विचार न करता वाक्यं आणतात. लिहिताना फारच अडखळणाऱ्याला दोन मिनिटं बोलून आवाज रेकॉर्ड करू द्या, मग त्यानेच ते ऐकून पाच ओळी उतरवायच्या. खानदेशातला मुलगा अहिराणीत बोलला तरी काही बिघडत नाही.

आता डिजिटल बाजू. युरोपीय आयोगाच्या ‘डिजकॉम्प’ चौकटीत नागरिकांच्या डिजिटल क्षमतेची पाच क्षेत्रं आहेत: माहिती आणि विदा हाताळणं, संवाद-सहकार्य, आशयनिर्मिती, सुरक्षितता आणि अडचणी सोडवणं. आपली मुलं रील कापतात, जोडतात, त्यावर संगीत चढवतात. आशयनिर्मितीत ती आपल्यापेक्षा पुढे आहेत. त्यांची गाडी अडते ती फायलीपाशी. फाइल नक्की कुठे आहे, फोनमध्ये, ड्राइव्हवर की व्हॉट्सॲपच्या एखाद्या ग्रुपात, हे अनेकांना सांगता येत नाही. ‘न्यू डॉक्युमेंट १२ फायनल फायनल’ अशी नावं असतात. म्हणून पहिल्याच दिवशी नावाची एक पद्धत सगळ्यांनी मिळून ठरवा, तारीख आधी, विषय नंतर, आणि ती मुलांनाच ठरवू द्या. स्वतः घातलेला नियम मुलं बऱ्यापैकी पाळतात.

दुसरी अडचण लिंकची. बाहेरचे परीक्षक आले, लिंक उघडली आणि समोर ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’. मुलाच्या फोनवर ती उघडतच असते, कारण तो स्वतः मालक आहे. उपाय सोपा आहे: लिंक देण्याआधी ती इन्कॉग्निटो (आपलं खातं न उघडलेल्या) विंडोमध्ये किंवा मित्राच्या फोनवर उघडून बघायची. यातून एक गोष्ट आपोआप कळते की आपल्याला दिसतं ते दुसऱ्याला दिसेलच असं नाही. समोरच्या वाचकाचं भान येण्याची ही पहिली पायरी आहे असं मी मानते.

तिसरी अडचण खास आपली, फॉन्टची. ओजेटीला गेलेली मुलं झेरॉक्सच्या किंवा डीटीपीच्या दुकानातून मराठी मजकूर टाइप करून आणतात. तो श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतो आणि पोर्टफोलिओत चिकटवला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मग मुलं त्याचा स्क्रीनशॉट काढून लावतात. तो ना शोधता येतो, ना दुरुस्त करता येतो, ना अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला वाचता येतो. युनिकोड (कोणत्याही फोनवर किंवा कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशी अक्षरांची पद्धत) म्हणजे काय हे एका तासात दाखवा, फोनवर देवनागरी कीबोर्ड चालू करून द्या, बोलून टाइप करण्याची सोय दाखवा. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी हा एक तास बाकी सगळ्या कार्यशाळांपेक्षा उपयोगाचा.

फोटोंबद्दल: ओजेटीच्या जागेवर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो आकसतो आणि कधी, कुठे काढला ही आतली माहिती गळून जाते. पुरावा म्हणून ठेवायचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा किंवा थेट ड्राइव्हवर चढवावा. जाहीर पानावर लावायचा असेल तर उलट विचार करायचा, तिथे ठिकाणाची माहिती जाऊ नये हेच बरं.

साधन कोणतं, यावर तुमच्या विभागात बराच वाद झाला असं तुम्ही लिहिलंय. इतका करू नका. न्यूझीलंडमध्ये २००६ मध्ये सुरू झालेलं ‘माहारा’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर खास पोर्टफोलिओसाठीच आहे आणि मूडल या ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या प्रणालीला जोडता येतं, पण सर्व्हर सांभाळणारा माणूस कॉलेजात हवा. कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांना गिटहब पेजेस (स्वतः लिहिलेल्या कोडमधून वेबसाइट उभी करायची सोय) शोभतं. तुमच्या वर्गासाठी गुगल साइट्स पुरे. फोनवर पान बघायला ते ठीक आहे, पानं घडवायला मात्र कॉम्प्युटर लागतो, तेव्हा लॅबचा आठवड्यातला एक तास मागून घ्या. रोजचं लिखाण फोनवर गुगल डॉक्समध्ये होऊ द्या, लॅबमध्ये फक्त मांडणी. घरात एकच फोन आणि तोही भावाकडे, अशा मुली प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी लॅबचा तास ही सवलत नाही, तोच एकमेव रस्ता असतो.

मुलींचा विषय निघालाच आहे तर ठामपणे सांगते. पोर्टफोलिओ सुरुवातीला जाहीर ठेवू नका. वर्ग आणि शिक्षक एवढ्यांनाच दिसेल असा ठेवा. कोणाचाही मोबाईल नंबर, गावाचा पूर्ण पत्ता, जन्मतारीख, मार्कशीट पानावर नको. जाहीर करायचा की नाही हे तिसऱ्या वर्षात जिचं तिने ठरवावं, आणि ‘नाही’ म्हणण्याला गुण कापू नयेत. कायद्याचीही एक बाब आहे: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती बालक मानली जाते, आणि प्रथम वर्षाला आलेली बरीच मुलं सतरा वर्षांची असतात. मुलाखत दिलेल्या दुकानदाराचा फोटो लावायचा तर त्यालाही विचारायला हवं. मी मुलांकडून त्याची साधी तीन ओळींची संमती घेववते. पहिल्यांदा कुरकूर होते, नंतर ती स्वतःच ‘मॅडम, त्यांनी नको म्हटलं, नाव बदलू का?’ असं विचारायला येतात.

चॅटजीपीटीबद्दल तुम्ही काळजी व्यक्त केली आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ते आल्यापासून गुळगुळीत निष्कर्ष लिहिणं कोणालाही जमतं, त्यामुळे गुळगुळीत निष्कर्षाला गुण देणंच थांबवा. मावशींचं ‘महिन्याचं कोण मोजतंय’ हे यंत्राला माहीत नसतं. शिवाय गुगल डॉक्समध्ये आवृत्तींचा इतिहास असतो. लिखाण आठवडाभर हळूहळू वाढलं की एका मिनिटात चिकटवलं, ते तिथे दिसतं. पोलिसी खाक्यात तपासू नका. मुलालाच तो उघडून दाखवायला सांगा आणि ‘इथे हा परिच्छेद का काढलास?’ असं विचारा. मदत घेतली असेल तर कुठे आणि कशी, हे त्याने नोंदीच्या दुसऱ्या प्रश्नाच्या (कुठे अडलात, कोणाला विचारलंत) उत्तरात लिहायचं. लिहिलं तर दंड नाही.

गुण आणि तुमचा वेळ. नव्वद पोर्टफोलिओ दहा मिनिटं प्रत्येकी म्हणजे पंधरा तास, आणि ते सत्राअखेरीला पेपर तपासण्याच्या गर्दीत. तुम्ही तासिका तत्त्वावर असलात तर त्याचे पैसेही कोणी देणार नाही. म्हणून प्रत्येक नोंद तपासू नका. मध्यावर जोड्या लावून मुलांनाच एकमेकांचं वाचू द्या. वाचणाऱ्याने एकच प्रश्न लिहायचा, शेरा नाही. ‘छान आहे’ला बंदी. शेवटी प्रत्येकाशी पाच मिनिटं बोला, पोर्टफोलिओ समोर उघडून. साडेसात तास होतात, दोन-तीन प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये ते बसतात, आणि कोणी स्वतः केलंय ते पाच मिनिटांत कळतंच. गुणांचा मोठा भाग निवडीच्या कारणांना आणि बदल दाखवण्याला ठेवा, सजावटीला शून्य. नाहीतर कॅन्व्हाचे गुलाबी टेम्प्लेट पाहून डोळे दुखतील.

आता प्राचार्यांचा मुद्दा. सगळे पोर्टफोलिओ एकाच साच्यात हवेत कारण नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला) दाखवायचे आहेत, असं ते म्हणतात. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना हवं ते वेगळं द्या: एक शीट, त्यात अनुक्रमांक, प्रकल्पाचं नाव, तास, पर्यवेक्षकांची सही असलेल्या प्रमाणपत्राची लिंक. ४ श्रेयांकांची ओजेटी म्हणजे १२० तासांचा हिशेब, तो कॉलेजला ठेवावाच लागतो. तो हिशेब शीटमध्ये राहू द्या. पोर्टफोलिओत तो घुसला की पहिल्या पानावर लोगो येतो, मग प्राचार्यांचं मनोगत येतं, मग ऋणनिर्देश येतो आणि आपण पुन्हा जर्नलपाशी. ‘एबीसी आहे, डिजिलॉकर आहे, मग हे कशाला’ असंही कोणी विचारेल. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये श्रेयांक जमा होतात, डिजिलॉकरमध्ये गुणपत्रिका मिळते. मुलाने नेमकं काय काम केलं, हे दोन्हीकडे दिसत नाही.

परदेशातला दाखला लागलाच तर हा द्या: अमेरिकेतल्या कॉलेज-विद्यापीठांच्या एएसीअँडयू या संघटनेने प्रभावी शैक्षणिक पद्धतींची दहाची यादी २००८ मध्ये केली होती, २०१६ मध्ये ई-पोर्टफोलिओ त्यात अकरावा म्हणून आला. पण त्याचं श्रेय नीट राबवलेल्या कार्यक्रमांना आहे, वेबसाइट उघडण्याला नाही, हेही त्याच दमात सांगा.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ठरवून टाका: खातं कोणाचं. कॉलेजने दिलेल्या ईमेलवर सगळं उभं केलं आणि तिसऱ्या वर्षानंतर कॉलेजने ते खातं बंद केलं, तर मुलाखतीला जाणाऱ्या मुलाच्या बायोडाटातली लिंक मृत होते. पोर्टफोलिओ पहिल्यापासून मुलाच्या स्वतःच्या जीमेलवर करा, तुम्हाला फक्त बघण्याची परवानगी द्यायला सांगा. १५ जीबी फुकट मिळतात, फोटो आटोपशीर ठेवले तर तीन वर्षं सहज पुरतात. तुमच्या वर्गाचं काही आधीच कॉलेजच्या खात्यात गेलं असेल, तर सहाव्या सत्राच्या परीक्षेचे फॉर्म भरायच्या आठवड्यातच लॅबमध्ये बसवून सगळ्यांना गुगल टेकआउटने ते उतरवून घ्यायला लावा. निकालानंतर सांगाल तर निम्मी मुलं पुण्या-मुंबईला गेलेली असतील आणि पासवर्ड कोणालाच आठवणार नाही.